राजीनामा मंजूर नाही

वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. म्हणजे कामानं पिचून ऑफिसातून बाहेर पडलेल्या माणसाला संध्याकाळी 'बसायची' अधिकृत सोय या जिल्ह्यात पन्नास वर्षं नाही. अनधिकृत सोयीबद्दल आम्ही लिहीत नाही. ती लिहून सांगावी लागेल असा माणूस जिल्ह्यात सापडायचा नाही. अधिकृतपणे उरतो तो कटिंग चहा, आणि चहाबरोबर एक वाक्य: "सोडून देतो बाप्पा ही नोकरी."

हे वाक्य आर्वी नाक्यावर ऐकू येतं, बजाज चौकात येतं, पुलगावच्या फलाटावर येतं. बोलणारा कधी शिक्षक असतो, कधी बँकेतला, कधी पोलिसातला, कधी औषध कंपनीचा एमआर. बोलून झालं की तो कपातला शेवटचा घोट फेकतो, गाडीला किक मारतो आणि दुसऱ्या दिवशी पावणेदहाला थम लावायला रांगेत उभा असतो. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ हे वाक्य पहिल्यांदा बोलले तेव्हा वाजपेयी पंतप्रधान होते. येत्या जूनमध्ये ते सेवानिवृत्त होताहेत. शाल-श्रीफळाची वर्गणी सुरू झाली आहे.

ज्या साली वर्ध्यात दारू बंद झाली, त्याच साली तिकडे न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञानं बर्नआऊटवरचा पहिला गाजलेला लेख लिहिला. त्याच्यासमोर बँकेतले, कारखान्यातले लोक नव्हतेच. गरिबांसाठीच्या मोफत दवाखान्यात राबणारे सेवाभावी स्वयंसेवक होते, आणि त्यांच्यात तो स्वतःही होता. टार्गेट नाही, प्रमोशन नाही, गोपनीय अहवाल नाही. तरी माणसं आतून जळून चालली होती. याचा अर्थ आमच्या वरच्या गृहस्थांना कळला तर वाईट वाटेल. ज्याला कामाचं काही पडलेलं नसतं तो जळत नाही, तो सुखरूप निवृत्त होतो. जळतो तो, ज्याला काम मनापासून करायचं असतं.

२०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं बर्नआऊटच्या तीन खुणा नोंदवल्या. अंगातलं सगळं बळ गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून आता काही धड होत नाही असं वाटत राहणं. त्यासोबत असंही लिहिलं, की हा आजार नाही, ही कामाच्या जागी घडणारी बाब आहे. साहेब लोकांनी त्यातला पहिला अर्धा भाग तेवढा वाचला. आजार नाही, मग वैद्यकीय रजा कशाची?

सेवाभावी माणसं आणि त्यांचं थकणं हाच विषय असेल, तर न्यूयॉर्कला जायचं कारण नाही. खरं तर नोकऱ्या, पदं, सत्ता सोडण्याच्या बाबतीत वर्ध्यानं एके काळी देशाला शिकवणी दिली आहे. १७ सप्टेंबर १९३४ रोजी गांधीजींनी काँग्रेस सोडण्याचा विचार जाहीर केला, ते निवेदन वर्ध्यातून निघालं. ऑक्टोबरच्या मुंबई अधिवेशनात ते चार आण्यांचे सभासदही राहिले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये कार्यकारिणीच्या बहुतेक सगळ्या सदस्यांनी वर्ध्यातच राजीनामे दिले. अध्यक्ष सुभाषबाबू तेव्हा तापानं अंथरुणावर होते. साहेब आजारी रजेवर असताना सगळ्या टीमनं एकदम पेपर टाकण्याचं याहून ठसठशीत उदाहरण आमच्या वाचनात नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कार्यकारिणी पुन्हा वर्ध्यात बसली आणि आठ प्रांतांतल्या मंत्रिमंडळांना राजीनामे द्या म्हणून सांगितलं गेलं. १४ जुलै १९४२ ला तर वर्ध्यानं कमालच केली. आपण किती वेळा सोडायचं, म्हणून साहेबालाच देश सोडून जा असं सांगणारा ठराव इथं झाला. मुंबईचा 'छोडो भारत' त्यानंतर महिन्याभरानं.

अशा गावातल्या माणसाला साधी ऑपरेटरची नोकरी सोडवत नाही, याला काय म्हणावं?

तरीही त्या इतिहासातले गाजलेले राजीनामे आमच्या कामाचे नाहीत. ते धोरणाचे राजीनामे होते, देणारे ताजेतवाने होते. आम्हाला हवा तो थकलेल्या माणसाचा राजीनामा. तोही या जिल्ह्यात लिहिण्याजोगा आहे, फक्त तो कुठल्या पाटीवर नाही.

महादेवभाई देसाई १९१७ पासून गांधीजींचे सचिव. १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला गेले, तेच पुढचं सेवाग्राम. महादेवभाईंचं बिऱ्हाड मात्र वर्ध्यात मगनवाडीला राहिलं. मधलं अंतर साडेपाच मैल. आज शेअर ऑटोनं माणूस पाव तासात पोचतो आणि तरी ऑटोवाल्याशी पाच रुपयांवरून भांडतो. महादेवभाई पायी जायचे. बगलेत टपालाचं बाड, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, मे महिन्यात वर्ध्याचं ऊन, ज्याच्यात कुत्रंही नालीतून उठत नाही. दिवसभर तिकडे मजकूर लिहून घ्यायचा, पाहुणे सांभाळायचे, आणि संध्याकाळी पुन्हा पायी मगनवाडी. रोजचे अकरा मैल. कधी एका फेरीनं भागत नसे. घरी आल्यावर 'हरिजन' साप्ताहिकाचे लेख, भाषांतरं, आणि ती जगप्रसिद्ध डायरी. वर्क फ्रॉम होम आणि वर्क फ्रॉम ऑफिस दोन्ही एकाच दिवशी करणारा हा विदर्भातला बहुधा पहिला माणूस.

साहेब कसे होते? साहेब सोमवारी मौन पाळायचे. आजच्या नोकरदारानं हे वाचून डोळे पुसावेत. सोमवारी गप्प बसणारा साहेब! आजच्या साहेबाची सोमवारीच तर रिव्ह्यू मीटिंग असते. पण फार हुरळून जाऊ नये. मौनाच्या दिवशी गांधीजी चिठ्ठ्यांवर लिहून कामं सांगायचे. सुटीच्या दिवशी व्हॉट्सॲपवर 'फक्त एक छोटंसं' पाठवणाऱ्यांची परंपरा बरीच जुनी आहे तर.

मार्च १९३८. ओडिशात डेलांग इथं गांधी सेवा संघाचं संमेलन होतं. तिथून कस्तुरबा, महादेवभाईंच्या पत्नी दुर्गाबेन आणि काही जणी पुरीच्या जगन्नाथाचं दर्शन घेऊन आल्या. देऊळ हरिजनांना बंद होतं. गांधीजींना हे कळल्यावर त्यांचा संताप झाला, रक्तदाब वाढला, आणि बोलणी बसली महादेवभाईंना: तुम्ही बायकांना नीट समजावलं का नाही? तत्त्व शंभर टक्के बरोबर होतं. तत्त्व नेहमी बरोबरच असतं. झोप मात्र ज्याच्या अंगावर काम आहे त्याची जाते. एकवीस वर्षं सावलीसारखा राबलेला माणूस त्या दिवशी मोडला. मला आता जाऊ द्या, असं त्यानं लिहून दिलं.

राजीनामा मंजूर झाला नाही. महादेवभाईंनी ही सगळी हकिकत पुढं 'हरिजन'मध्ये स्वतःच लिहिली आणि कामाला लागले. त्याच वर्षी रक्तदाबानं ते इतके खचले, की कामातून काढून सिमल्याला विश्रांतीसाठी पाठवावं लागलं. परत आले. पुन्हा तेच बाड. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींसोबत अटक झाली आणि सहा दिवसांनी, १५ ऑगस्टला, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ते गेले. वय ५०.

आता गंमत बघा, गंमत म्हणवत नाही तरी. त्याच मार्च १९३८ मध्ये वर्ध्यात दुसरा एक माणूस मोडकळीला आला होता. विनोबांचं वजन ८८ पौंडांवर उतरलं होतं, म्हणजे जेमतेम चाळीस किलो. गांधीजींनी त्यांना बोलावून घेतलं आणि कुठं तरी थंड हवेच्या ठिकाणी जाऊन पडा म्हणून सांगितलं. विनोबांनी थंड हवेचं ठिकाण म्हणून पवनार निवडलं. वर्धेकरांनी हसून घ्यावं. पवनारला एप्रिलमध्ये जी हवा असते तिला थंड म्हणायला संतच लागतो. धाम नदीच्या पुलावरून गाडी जात होती तेव्हा त्यांनी संस्था, काम, काळजी सगळं सोडलं, असं मनाशी तीनदा म्हटलं. नदीपलीकडच्या बंगल्यात राहिले आणि कुदळ घेतली. पहिल्या दिवशी चार-पाच मिनिटं खणायचं, मग रोज थोडं वाढवायचं. बाकी वेळ डोक्याला काम नाही. दहा महिन्यांत वजन १२८ पौंड झालं.

एकाच महिन्यात, एकाच साहेबाच्या हाताखाली दोन माणसं थकली. एकाला विश्रांतीचा हुकूम मिळाला, दुसऱ्याचा अर्ज फेटाळला गेला. कारण शोधायला संशोधक नको, कुठल्याही कार्यालयातला शिपाई सांगेल. विनोबा गेले तर एक आश्रम थांबत होता. महादेवभाई गेले तर दुसऱ्या दिवशीचं टपाल थांबत होतं. ज्याच्यावाचून रोजचं काम अडतं त्याला रजा मिळत नाही. त्याला साहेब मान वर न करता विचारतात, "चार्ज कोणाकडे देता?" या तीन शब्दांनी महाराष्ट्रातल्या जितक्या रजा गिळल्या, तितक्या वेतन आयोगांनीही दिल्या नसतील.

एवढं सगळं सांगायचं कारण, सध्या आमच्याकडे एक उलटापालट झाली आहे. गांधीजींना १९३४ साली काँग्रेसची चाल पटत नव्हती, म्हणून त्यांनी सभासदत्व सोडलं. विनोबा १९३८ साली थकले होते, म्हणून त्यांनी जागा बदलली, कुदळ मारली, झोप काढली. न पटण्यावर राजीनामा, थकण्यावर विश्रांती. आपण नेमकं उलटं करतो. थकलेला पोरगा रात्री दोन वाजता रागानं राजीनाम्याचा मेल टाकतो, आणि ज्याला आपल्या टेबलावरचा रोजचा खोटेपणा पटत नाही, तो दोन दिवसांची किरकोळ रजा टाकून दुसऱ्या शेगावला, गजानन महाराजांच्या दर्शनाला जाऊन येतो. दोघांनाही गुण येत नाही. पोरगा तीन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत तसाच थकतो, आणि दुसरा महाशय तोच प्रसाद खात त्याच टेबलावर तीच सही करतो.

आपण थकलोय की आपल्याला पटत नाही, हे ओळखायचं कसं? पंधरा दिवस सलग झोपा काढून बघा. मोबाइल बंद ठेवून, हे वेगळं सांगायला नको, पण सांगितलंच. त्यानंतर काम आठवून हात शिवशिवले, तर तुम्ही थकला होतात. पंधरा दिवसांनंतरही रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येत असेल, तर प्रश्न झोपेचा नाही. आणि झोपच येत नसेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर सदरं वाचत बसू नका. सेवाग्रामला आणि सावंगीला अशी दोन मोठी रुग्णालयं या जिल्ह्याच्या उशाला आहेत, मानसोपचाराची ओपीडी आहे, १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस नंबर आहे. केस पेपर काढायला लाजणारे आपण मूळव्याधीला मात्र चारचौघांत औषध विचारतो.

देवळी तालुक्यातला एक पोट्टा हिंजवडीत आहे. पोळ्याला गावी आला तो लॅपटॉपची बॅग पोटाशी धरूनच. आदल्या दिवशी खांदशेकणी होती. बाबा बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होते, जुवानं घट्टे पडलेल्या जागेवर अंगठा फिरवत, सावकाश. पोट्टा ओट्यावर कानात बोंडं खुपसून बसला होता, कारण त्याच्या कंपनीत तेव्हा 'वेलनेस वीक' चालू होता आणि संध्याकाळी साडेसातला ताणमुक्तीवरचं वेबिनार होतं. हजेरी सक्तीची. शेवटी फीडबॅक फॉर्म. बैलाला फीडबॅक फॉर्म नव्हता. दुसऱ्या दिवशी बैलाला काम नव्हतं, झूल होती, पुरणपोळी होती. पोट्ट्याला अमेरिकेचा कॉल होता, कारण पोळ्याची सुटी अमेरिकेत नसते. आणि तिसऱ्या दिवशी दोघंही जुवाला. बाबांनी निदान बैलाचे खांदे बघितले होते.

रात्री जेवताना पोट्ट्यानं जाहीर केलं, "बाबा, मी सोडतो नोकरी. इकडंच येतो. शेती करतो. मन तरी शांत राहीन."

बाबांचा घास हातातच राहिला. "माह्या बापाच्यानं नाही झालं, माह्याच्यानं नाही झालं, अन् तू आता ल्यापटॉप ठेवून कापूस वेचशीन? शांती पायजे असन त धुऱ्यावर जाऊन बस. सातबारा मागू नको."

आई म्हणाली, "जेवू द्या ना त्याले. किती वाळला."

विदर्भातल्या बापानं शेतीतून सुटका व्हावी म्हणून एकरभर विकून पोराला इंजिनीअर केलं, आणि पोरगा सुटकेसाठी शेतीत येऊ म्हणतो. इथं २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, आणि तो भाव प्रत्यक्ष बाजारात पदरात पडला की लोक पेढे वाटतील अशी स्थिती. रील्समध्ये नोकरी सोडून शेतीत रमलेला जो हसरा तरुण दिसतो, त्याच्या मागच्या विहिरीला पाणी कुणाच्या पैशानं लागलं, हे त्या तीस सेकंदांत मावत नाही.

हा पैशाचा मुद्दा वर्ध्याच्या इतिहासातही आहे, फक्त आपण त्यावर हार घालून ठेवला आहे. गांधीजी वर्ध्याला आले ते शेठ जमनालाल बजाजांच्या आग्रहानं. मगनवाडी जमनालालजींनी दिलेली. सेवाग्रामची जमीन त्यांची. विनोबांनी पुलावर सगळं सोडलं आणि नदीपलीकडे उतरले, तो पवनारचा बंगलाही जमनालालजींचाच. आम्ही कुणाच्या त्यागाला कमी लेखत नाही. विनोबांनी त्या बंगल्याचा महाल केला नाही, आणि १९५१ ला तिथूनच निघून तेरा वर्षं देशभर पायी फिरले. पण प्रत्येक गाजलेल्या सोडण्यामागे कुठं तरी एक बजाज असतो, एवढं लिहून ठेवावं. सोडू का, असं विचारणाऱ्या पोराला म्हणून आम्ही आधी विचारतो, तुझा बजाज कोण? बायकोची नोकरी? सासऱ्यांचं पेन्शन? सहा महिन्यांचा हप्ता भरता येईल एवढी एफडी? पाच वर्षं पुरी व्हायला चार महिने उरले असतील, तर ग्रॅच्युइटीवर लाथ मारून स्वाभिमान दाखवू नकोस. स्वाभिमान चार महिने टिकतो, ठेवून बघ.

पण या हिशेबालाही दुसरी बाजू आहे, आणि तिच्यावर विनोद करता येत नाही. जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका जगड्व्याळ ऑडिट कंपनीत लागलेली २६ वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट मुलगी, नोकरीला चार महिने झाले असताना गेली. कामाच्या ओझ्यानं गेली, असं तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखांना पत्रात लिहिलं, आणि ते पत्र देशानं वाचलं. कंपनीनं आरोप मानला नाही. चौकशीला गेलेल्या कामगार खात्याला आढळलं, की त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती.

यावर बड्या लोकांनी काय धडा घेतला? ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास सांगितलेच होते. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचा ९० तासांचा सल्ला बाहेर आला, रविवारसकट. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असा त्यांचा सवाल होता. तिनं ह्यांच्याकडे किती वेळ बघायचं, हे कुणी विचारलं नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दुकानं-आस्थापनांतले कामाचे तास दिवसाला ९ वरून १० आणि कारखान्यांतले ९ वरून १२ पर्यंत नेण्याला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती घेऊनच, म्हणे. भूगावच्या पोलाद कारखान्यासमोर किंवा हिंगणघाटच्या जिनिंगवर कंत्राटदारानं पुढं केलेल्या कागदावर 'माझी संमती नाही' असं लिहिणारा वीर आम्हाला दाखवावा. त्याचा बजाज चौकात सत्कार करू.

कंत्राटी लोकांची तर तऱ्हाच न्यारी. ग्रामीण रुग्णालयातल्या कंत्राटी सिस्टरला आम्ही विचारलं, ताई, थकून सोडून द्यावंसं वाटतं का? ती म्हणाली, "मले सोडाची गरजच नाही पडत भाऊ. अकरा महिने झाले का सरकारच सोडते. मंग एक दिवस घरी बसवते अन् पुन्हा घेते." तीन सिस्टरांचं काम ती एकटी ओढते, कारण दोन पदं रिक्त आहेत. रिक्त पदं भरली तर तिचा थकवा अर्ध्यानं उतरेल, हे सांगायला मानसतज्ज्ञ नको. पण पद भरण्यापेक्षा योगदिनाचं बॅनर स्वस्त पडतं. २१ जूनला तिनंच सतरंज्या अंथरल्या.

राहिले कायमस्वरूपी सरकारी कर्मचारी. त्यांच्यात दोन वर्ण आहेत: १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेले आणि नंतर लागलेले. आधीच्यांना जुनी पेन्शन आहे, नंतरच्यांना तिच्यासाठी केलेल्या मार्च २०२३ च्या संपाची आठवण. जुनी पेन्शनवाला थकला तर त्याला वाट आहे. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम १९८२, नियम ६६: वीस वर्षं सेवा झाली, की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छेनं निवृत्त होता येतं. हा नियम आमच्या सरकारी मित्रांना गायत्री मंत्रासारखा पाठ आहे, आणि जपही तेवढाच होतो. वापर मात्र क्वचित, कारण मुलीचं लग्न राहिलेलं असतं, किंवा पुढचा वेतन आयोग दाराशी आलेला असतो. वेतन आयोग दाराशी नसेल असं वर्ष कॅलेंडरात येतच नाही.

आमच्या माहितीतल्या एका वरिष्ठ लिपिक ताईंनी मात्र यंदा खरंच अर्ज टाकला. गाव आणि खातं सांगत नाही. ताई अजून तिथंच बसतात. पंचवीस वर्षं नोकरी. चार टेबलांचं काम एका टेबलावर, वरून निवडणूक, वरून मतदारयाद्या, वरून 'तात्काळ' असं लाल शाईत लिहिलेली रोजची चार पत्रं. वर्षभरापूर्वी त्यांनी महिनाभर अर्जित रजा घेऊन पाहिली होती. परतल्या तेव्हा टेबलावर महिनाभराचा गठ्ठा तसाच, आणि वर साहेबांची चिठ्ठी: कृपया प्राधान्याने. चिठ्ठी वाचून त्या हसल्या, आणि हसू येतंय हे बघून घाबरल्या. रडू आलं असतं तर अजून काही वर्षं काढली असती, असं त्यांचं म्हणणं. घरी बसून हिशेब केला, नवऱ्यानं दोनदा तपासला, मुलानं एक्सेलवर करून दिला. मग अर्ज.

साहेबांनी अर्ज वाचला, मान वर न करता विचारलं, "चार्ज कोणाकडे देता?"

ताई म्हणाल्या, "नियमात तसं विचारलेलं नाही, सर."

अर्ज पुढच्या टेबलावर गेला आणि तिथंच बसला. स्वेच्छानिवृत्तीची प्रकरणं बघणारे बाबू वैद्यकीय रजेवर आहेत. बीपी वाढलं म्हणतात. सुरुवातीला ताईंचा जीव खालीवर. मग त्यांनी नियमाची पुढची ओळ वाचली. नोटिशीची मुदत संपेपर्यंत नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्यानं नकार दिला नाही, तर निवृत्ती आपोआप लागू होते. तेव्हापासून ताई रोज दहाला पाच मिनिटं कमी असताना येतात, जाता-येता त्या टेबलाकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात, आणि फाइल अजून गठ्ठ्याच्या तळाशी आहे याची खात्री करून घेतात. पंचवीस वर्षं लोकांच्या फाइली हलवण्यात गेली. आता ही एक हलू नये म्हणून त्यांनी केळझरच्या गणपतीला नवस बोलला आहे. अजून एकोणीस दिवस आहेत. बाबूंनी तेवढे दिवस तब्येतीला जपावं.